चिठ्ठ्या टाका, पण दोनदा

नवी पद्धत खरंच उपयोगी आहे का हे तपासायला कामगारांचे संघ कसे पाडायचे, हा प्रश्न आहे. हजेरीपटावरची नावं एक आड एक घेतली की संघ झाले, हे मत पटत नाही. पट पाळीनुसार आलटून-पालटून लावलेला असला तर तोच क्रम संघांत उतरतो. सोलापुरी टॉवेलच्या कारखान्यात २४ कामगार, त्यांतले ८ अनुभवी, असं धरा. अनुभवींच्या चिठ्ठ्या वेगळ्या काढा, दर संघात एक. उरलेल्या १६ मधून दोन-दोन. शिलाई अनुभवीकडेच ठेवा, तपासणी की पॅकिंग हे संघातल्या दुसऱ्या चिठ्ठीवर. मुकादमाला अदलाबदल करू देऊ नका, तिथेच सगळं बिघडतं!

आणि नवी पद्धत अख्ख्या संघाला दिली तर मोजायचे संघ, माणसं नव्हे. ८ संघांतले ४ नव्या पद्धतीसाठी निवडायचे ७० प्रकार होतात; सहा-सहाचे ४ संघ करून त्यांतले २ निवडलेत तर फक्त ६. सहाच प्रकारांत पद्धतीचा परिणाम आणि योगायोग वेगळा काढताच येत नाही.