आईसाठी न्हाणी: दाराचा टब घ्यावा की खुर्ची?

मिठबावची लेक

नमस्कार मंडळी. सध्या माहेरी मिठबावला राहतेय. आईला (वय ७४) शिमग्याच्या आधी पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात-पाय अजून कमजोर आहे. डाव्या हातात चौपायी काठी धरून पलंगापासून मागच्या पडवीपर्यंत चालते, पण मध्ये एकदा टेकावं लागतं. बोलणं, समज सगळं शाबूत.

घर जुनं चिरेबंदी. न्हाणी मागच्या पडवीला लागून, दोन पायऱ्या खाली. आत ५ बाय ७ फूट जागा, खाली गुळगुळीत कडप्पा, दार दोन फुटी आणि आत उघडणारं. गिझर १५ लिटरचा. सकाळी दोन तास एक मावशी येतात. भाऊ मुंबईला असतो, तो म्हणतो बाजूला दार असलेला बसायचा टब येतो तो घेऊ, आईला आरामात बसता येईल. मला नुसती खुर्चीही पुरेल असं वाटतं. आईचं म्हणणं एकच, "माका एकटीक सोड." अंघोळीला कोणी हात लावलेला तिला सहन होत नाही.

काय घ्यावं? ज्यांनी घरात हे केलंय त्यांनी कृपया लिहा.

खाडीपलीकडे

पुण्यात माझ्या मामींकडे तसा टब आहे. त्यांना संधिवात आहे, गरम पाण्यात बसलं की सांधे मोकळे होतात. पण त्या स्वतः चालत जातात, फ्लॅटमध्ये पाणी भरपूर आहे आणि घरात पायरी एकही नाही. तुमच्याकडे मे महिन्यात विहिरीला पाणी किती असतं, ते आधी बघा.

कलमाखाली (देवगड)

ताई, मी तुमच्याच तालुक्यातला. आंबे उतरवताना कलमावरून पडलो, मणक्याला मार लागला, कमरेखाली संवेदना नाही. तेव्हापासून अंघोळ बसूनच करतो आणि स्वतःच्या हाताने करतो. त्यामुळे तुमच्या आईचं ते एक वाक्य मला फार जवळचं वाटलं.

तुमच्या घरात टब नको, हे माझं स्पष्ट मत. त्या टबात आधी आत बसायचं, दार लावायचं आणि मग नळ सोडायचा. पाणी चढेपर्यंत उघड्या अंगाने बसून राहायचं. अंघोळ झाली की सगळं पाणी निघून जाईपर्यंत पुन्हा ओल्या अंगाने बसायचं, कारण आत पाणी असताना दार उघडता येत नाही. तुमचा १५ लिटरचा गिझर ६० अंशांवर तापला तरी गार पाणी मिसळून अंगाला सोसेल असं पाणी ४०-४५ लिटरच होतं. असे टब दीडशे-दोनशे लिटरचे असतात, म्हणजे गिझर चार-पाच वेळा तापवायचा. मध्येच लाइट गेली तर आई त्या अर्ध्या पाण्यात बसलेली. खुर्ची आणि हँडशॉवर असेल तर वीस-पंचवीस लिटरात डोक्यावरून अंघोळ होते.

वस्तूचा विचार थोडा बाजूला ठेवा आणि एक दिवस फक्त आईच्या मागून चाला. तिचा डावा हात कुठे कुठे भिंतीला जातो, दाराची चौकट कुठे धरते, टेकायला कुठे थांबते, सगळं बघा. जिथे हात जातो तिथे खडूने खूण करा. माझ्या बायकोने माझ्यासाठी हेच केलं होतं. मी ज्या उंचीवर हात टाकत होतो ती पुस्तकात दिलेल्या उंचीपेक्षा बरीच खाली निघाली, कारण मी बसलेला असतो. धरायच्या दांड्या त्या खुणांवर बसवल्या. आजही अंधारात हात बरोबर तिथेच पडतो.

आता तुमच्या दोन पायऱ्या. उतार करायचा तर एक इंच चढाला बारा इंच लांबी लागते. पायऱ्या सहा-सहा इंचांच्या धरल्या तरी बारा फुटांचा उतार झाला, आणि तो पावसाळ्यात शेवाळणार. शिवाय घडीची साधी व्हीलचेअर २५-२६ इंच रुंद असते, ती दोन फुटी दारातून जाणारच नाही. आज आई चालते, पण तापाने आठ दिवस झोपली तर काय, हा विचार आत्ताच करायला हवा. म्हणून माझं ऐकाल तर ती जुनी न्हाणी धुण्याभांड्याला राहू द्या. मागच्या पडवीचाच एक कोपरा पलंग असलेल्या खोलीच्या फरशीच्या पातळीला बांधून घ्या. उंबरा ठेवू नका. दार तीन फुटी, बाहेर उघडणारं किंवा सरकतं. आत उघडणाऱ्या दाराला टेकून माणूस पडला तर बाहेरच्याला दार ढकलता येत नाही. कडीही बाहेरून काढता येईल अशी लावा.

उंबरा नसला तर पाणी घरात येईल, असं गवंडी म्हणेल. फरशीला फुटामागे दोन सूत (पाव इंच) उतार आणि दारापासून लांबच्या भिंतीला नहाणी ट्रॅप (पाणी जायची जाळी) दिला की पाणी बाहेर येत नाही. माझ्याकडे येत नाही. फरशी मॅट आणि लहान तुकड्यांची घ्या, सांधे जास्त म्हणजे पायाला पकड जास्त.

खुर्ची निवडताना हात असलेली, पाठ असलेली, ॲल्युमिनियमची घ्या. लोखंडावर चकाकी चढवलेली आपल्या खाऱ्या हवेत टिकत नाही. एका दुकानातून "स्टेनलेस आहे" म्हणून आणलेल्या माझ्या खुर्चीच्या पायाला पहिल्याच पावसात तांबूस ओघळ आले. पायांची उंची कमीजास्त करता यायला हवी. आई बसली की तळवे पूर्ण जमिनीला टेकले पाहिजेत. लटकत्या पायांनी कोणालाही उठता येत नाही. खुर्चीच्या पायांची रबरी टोपणं दर महिन्याला उलटी करून बघा. तळाशी जी नक्षी असते ती झिजून गुळगुळीत झाली, की ओल्या फरशीवर खुर्ची माणसासकट सरकते. बदली टोपणं स्वस्त मिळतात. आणि पांढरी, हलकी प्लास्टिकची खुर्ची न्हाणीत कधीही नको. एका बाजूला भार पडला की तिचे पाय फाकतात.

आई फार वेळ बसत असेल तर मऊ बैठकीची घ्या आणि अंघोळीनंतर मावशींना माकडहाडाजवळची कातडी बघायला सांगा. दाबलं तरी जात नाही असा लाल डाग दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मला जाणीव नाही म्हणून हे मी रोज आरशात बघतो. पक्षाघाताच्या बाजूलाही जाणीव कमी असू शकते.

मिठबावची लेक

दादा, पडवीच्या कोपऱ्याचं डोक्यातच आलं नव्हतं. भावाला तुमचं लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं. टबचा विषय त्याने सोडला. पण पडवीची भिंत चिऱ्याची आहे, दांडी धरेल का?

गवंडीकाम (मालवण)

चिऱ्यात नुसता प्लग ठोकून दांडी लावू नका. चिरा मऊ आणि सच्छिद्र असतो. आज घट्ट वाटेल, चार महिन्यांनी प्लग भुगा घेऊन बाहेर येईल. आरपार भोक पाडून त्यातून बोल्ट घालायचा आणि पलीकडून रुंद स्टीलची पट्टी लावून आवळायचा. ते जमत नसेल तर त्या जागचा चिरा काढून काँक्रीटचा ठोकळा भरायचा आणि त्यात पकड घ्यायची. नवीन कोपरा बांधतायच तर हे आधीच करून घ्या, गिलाव्यानंतर तोडफोड नको. काम झालं की शंभर किलोच्या आसपासच्या माणसाला दांडीवर पूर्ण भार टाकायला लावा.

दांडी दीड इंच जाडीची, भिंतीपासून दीड-दोन इंच मोकळी. टॉवेलची दांडी ती टॉवेलचीच. स्टेनलेस स्टीलचा ग्रेड ३१६ मिळाला तर तोच घ्या, नाहीतर ३०४. २०२ समुद्राजवळ लवकर डागाळतो. चुंबक लावून बघू नका, तिन्हींना सहसा तो चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून मागा.

गिझरच्या लाइनला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) आहे का तेही वायरमनकडून तपासून घ्या. ओल्या जागेत तो पाहिजेच.

रत्नागिरीची सिस्टर

मी पक्षाघाताचे रुग्ण वर्षानुवर्षं सांभाळले आहेत, म्हणून थोडं. खुर्ची अशी ठेवा की आई डाव्या, म्हणजे चांगल्या बाजूने खुर्चीकडे वळेल. पण उठून परत येताना बाजू उलटते, तेव्हा दाराशी एक उभी दांडी लागेलच. उजवा हात धरून किंवा काखेत हात घालून तिला कधीही ओढू नका, त्या बाजूचा खांदा सैल झालेला असतो आणि निखळतो. पाण्याचा अंदाज तिने डाव्या हाताने घ्यायचा. ६० अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत भाजतं, म्हणून गिझरचा काटा खाली आणा. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. कपडे घालताना कमजोर हात आधी, काढताना शेवटी.

आणि तिला एकटीला सोडा, पण अर्धवट. मावशी दाराबाहेर पाठमोऱ्या बसतील, आई आतून बोलत राहील. पाठ आणि पाय तेवढे मावशींनी धुवायचे. मांडीवर मोठा टॉवेल टाकून अंघोळ घातली की बऱ्याच आज्यांचा विरोध मावळतो. लांब दांड्याचा ब्रश आणि दोरीत अडकवलेला साबण दिलात तर पाठसुद्धा ती हळूहळू स्वतः करेल.

खाडीपलीकडे

पैशांचं एक: राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ मध्ये सुरू झाली. ६५ वर्षांवरच्यांना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर, एकदाच ३,००० रुपये खात्यात येतात. कमोड खुर्ची, वॉकर यांसारख्या साधनांसाठीच आहेत. अर्जाची आजची स्थिती समाजकल्याण कार्यालयात विचारा.

मिठबावची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. गवंडी सोमवारी येतोय. दादा, एक शेवटचं: हँडशॉवर कुठे लावू?

कलमाखाली (देवगड)

आई बसल्यावर तिच्या डाव्या बाजूला, खांद्याच्या उंचीला, उभ्या पट्टीवर वर-खाली सरकणारा. नळाची मूठ लांब दांड्याची, तीही डावीकडेच. पाइप दीड ते दोन मीटरचा, म्हणजे मावशींना मागूनही पुरेल. फिरवायचा गोल नळ घेऊ नका, साबणाच्या ओल्या हाताने तो फिरत नाही. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर शॉवरची भोकं बुजतात, तोंड उघडून साफ करता येईल असाच घ्या. पाण्यात चालणारी कॉर्डलेस बेलही तिच्या हाताशी लावा, आणि दुसरी एक फरशीपासून वीतभर उंचीवर, पडली तरी हात पोहोचेल अशी.

सोमवारी गवंडी काम सुरू करायच्या आधी खडूच्या खुणा झालेल्या हव्यात. काही अडलं तर इथेच लिहा, मी रात्री बघतो.