कामावर असताना हार्ट ॲटॅक, सहकारी कंत्राटी: ईएसआयकडून (कर्मचारी राज्य विमा योजनेकडून) खर्च मिळेल का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी गोव्यातल्या एका विद्यापीठात कार्यालयात आहे. आमच्या प्रयोगशाळेतल्या मदतनिसाला परवा कामावरच छातीत कळ आली. घामाने शर्ट भिजला होता, तरी "पित्त जालां आसतलें" म्हणत तो काचेची भांडी विसळत होता. दोघांनी त्याला गाडीत घालून जवळच्या खाजगी इस्पितळात नेलं. लगेच ॲन्जिओप्लास्टी झाली, जीव वाचला.

बिल मात्र वहिनींनी दागिने गहाण ठेवून भरलंय. पगार 21,000च्या आत, पगारपत्रकात ईएसआयची 0.75 टक्के कपात दरमहा दिसते. कंत्राटदार म्हणतो, ईएसआयच्या इस्पितळात गेला नाहीत, आता काही मिळायचं नाही. कायम कर्मचाऱ्यांच्या बिलांच्या फाइली माझ्याच टेबलावरून जातात. त्याच छताखाली राबणाऱ्या याच्यासाठी काय करायचं, ते मला ठाऊक नाही. फार लागतं हो मनाला.

बाहेरच्या इस्पितळाचा खर्च मागता येतो का? डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितलीय, त्या दिवसांच्या पगाराचं काय? शिवाय विभागात लावायला एक सूचनापत्रक करतोय, त्यात काय हवंच?

---

प्रतिसाद:

दादा, कंत्राटदाराच्या बोलण्यावर थांबू नका. जिवावरचा प्रसंग असेल तर बाहेरच्या इस्पितळातला खर्चही ईएसआयकडे मागता येतो. सगळी रक्कम मिळेलच असं नाही, मंजुरी त्यांच्या दरांप्रमाणे होते. मूळ बिलं, डिस्चार्ज कार्ड, पहिला ईसीजी आणि 'तातडीने दाखल करणं भाग होतं' असं तिथल्या डॉक्टरांचं पत्र जमवा. झेरॉक्स काढल्याशिवाय मूळ कागद हातचा सोडू नका.

पगाराचं म्हणाल तर आजारपणाचा लाभ आहे: वेतनाच्या 70 टक्के, वर्षात जास्तीत जास्त 91 दिवस. त्यासाठी संबंधित सहामाहीत निदान 78 दिवसांची वर्गणी भरलेली लागते. कपात झाली म्हणजे भरणा झालाच असं धरून चालू नका, विमा क्रमांक घेऊन तपासा. वहिनींना ईएसआयच्या डिस्पेन्सरीत लवकर पाठवा, रजेचं सर्टिफिकेट तिथूनच मार्गी लागेल.

सूचनापत्रकात सगळ्यात वर 108. छातीत दुखतंय, घाम सुटलाय, दम लागलाय, तर माणसाला जिना उतरवू नका, बसवून ठेवा. शुद्ध हरपली आणि श्वास थांबला तर छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 दाब, किमान पाच सेंटिमीटर खोल, रुग्णवाहिका येईपर्यंत. आणि एकाला गेटवर उभं करा. मोठ्या आवारात गाडीला नेमकी इमारत सापडत नाही, तिथेच वेळ जातो.