रेव्हिटमध्ये ठाण्यातील प्रकल्पाचे भौगोलिक स्थान नेमके कोठे द्यावे?

प्रश्न – घोडबंदर रस्ता, ठाणे

नमस्कार. घोडबंदर रस्त्यालगतच्या एका जुन्या सोसायटीच्या पुनर्विकासाचे मॉडेल मी रेव्हिट या इमारतींच्या त्रिमितीय आराखड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये करीत आहे. नव्या इमारतीची उंची ३० मीटर आहे आणि हिवाळ्यात तिची सावली मागच्या अंगणावर किती वेळ राहील, हे सभासदांना दाखवायचे आहे. ज्येष्ठ मंडळी रोज सकाळी त्या अंगणात उन्हाला बसतात, त्यामुळे या चित्रात चूक राहून चालणार नाही. ‘प्रोजेक्ट इन्फर्मेशन’मध्ये ठाण्याचा संपूर्ण पत्ता भरलेला असूनही २२ डिसेंबरच्या दुपारी १२ वाजता सावली सुमारे ६६ मीटर लांब दिसते, हे मला पटत नाही. शिवाय भूखंड उत्तरेपासून सुमारे २८ अंश तिरका आहे, पण काम सोपे जावे म्हणून मी इमारत कागदाला समांतर काढली आहे. सर्व्हेअरची कॅड फाइल, म्हणजे मोजणीचा संगणकीय नकाशा, जोडल्यावर ती इमारतीपासून फार दूर जाऊन पडते. अक्षांश-रेखांश कोठे द्यायचे आणि इमारत फिरवावी लागेल का, याबद्दल मार्गदर्शन करावे.

उत्तर – वाशी

आपण दिलेल्या ६६ मीटर या आकड्यातच उत्तर आहे. एवढी लांब सावली बोस्टनच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे ४२ अंश उत्तरेला पडते, आणि अमेरिकी टेम्प्लेटवरून (तयार नमुना फाइलवरून) सुरू केलेल्या फाइलमध्ये बहुधा तेच शहर राहून गेलेले असते. ‘प्रोजेक्ट इन्फर्मेशन’मधला पत्ता केवळ नकाशाच्या शीर्षकपट्टीसाठी असतो, सूर्याच्या गणिताशी त्याचा काहीही संबंध नाही. स्थान द्यायचे ते ‘मॅनेज’ टॅबमधील ‘लोकेशन’ या आज्ञेतून. कार्यालयात इंटरनेटचा नकाशा उघडत नसेल, तर ‘डिफॉल्ट सिटी लिस्ट’ निवडून अक्षांश १९.२ आणि रेखांश ७२.९७ असे थेट लिहावे. डेलाइट सेव्हिंगची, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करण्याची, खूण मात्र न विसरता काढावी, कारण भारतात ती पद्धत नाही आणि ती खूण राहिली तर सावल्या तासाभराने सरकू शकतात.

नंतर पडताळणी करावी. ठाण्याचा रेखांश भारतीय प्रमाणवेळेच्या ८२.५ अंशांपेक्षा साडेनऊ अंशांनी पश्चिमेला असल्याने तेथे सूर्य घड्याळाच्या बारा वाजता माथ्याशी येत नाही. २२ डिसेंबरला ती वेळ १२ वाजून ३६ मिनिटांच्या आसपास असते. त्या वेळी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो, म्हणून ३० मीटर उंचीची सावली साडेसत्तावीस मीटरांच्या जवळपास आली पाहिजे. २१ जूनलाही पाहावे. त्या दिवशी मध्यान्हीची सावली जेमतेम सव्वादोन मीटरांची आणि दक्षिणेकडे पडलेली दिसेल. ती चूक समजू नये, कारण आपल्याकडे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य उत्तरेला असतो.

उत्तर – नेरूळ

इमारत मुळीच फिरवू नये. कागदाला समांतर काढलेली दिशा ही ‘प्रोजेक्ट नॉर्थ’ असते आणि सूर्य मात्र ‘ट्रू नॉर्थ’, म्हणजे खरी उत्तर, पाहून चालतो. साइट प्लॅनच्या गुणधर्मांत ओरिएंटेशन ‘ट्रू नॉर्थ’ करावे, मग ‘पोझिशन’मधून ‘रोटेट ट्रू नॉर्थ’ घेऊन २८ अंशांचा कोन योग्य बाजूला द्यावा. मजल्यांचे नकाशे ‘प्रोजेक्ट नॉर्थ’वरच राहतील आणि काढायला सरळच मिळतील.

उत्तर – ऐरोली

वरच्या उत्तराशी मी सहमत आहे, पण सर्व्हे हाती असेल तर हाताने कोन देण्याची घाई करू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. आपल्याकडील सर्व्हे बहुधा यूटीएम या पृथ्वीला मीटरांच्या जाळीत मोजणाऱ्या पद्धतीच्या ४३ उत्तर या पट्ट्यात असतो आणि त्यात ठाण्याचा ईस्टिंग (पूर्वेकडचे अंतर) सुमारे २,८६,००० मीटर, तर नॉर्दिंग (उत्तरेकडचे अंतर) २१ लाख मीटरांहून अधिक येतो. रेव्हिट मात्र अंतर्गत आरंभबिंदूपासून १६ किलोमीटरांच्या आतच विश्वासाने काम करते. त्यापलीकडे रेषा थरथरतात आणि मापे बिघडतात. म्हणून कॅड फाइल इम्पोर्ट न करता लिंक करावी, ती मध्याशी मध्य जुळवून आणावी, एकक मीटर आहे याची खात्री करावी, मग लिंकच हलवून व फिरवून इमारतीशी जुळवावी आणि शेवटी ‘अक्वायर कोऑर्डिनेट्स’ ही सर्व्हेचे स्थान-आकडे उचलणारी आज्ञा घेऊन ती लिंक निवडावी. असे केल्याने कोऑर्डिनेट्सबरोबर उत्तर दिशाही सर्व्हेप्रमाणे येते, इमारत जागची हलत नाही आणि कोन दोनदा दिला जाण्याचा धोका टळतो.

एक बारकावा सांगतो. ही उत्तर दिशा यूटीएमच्या जाळीची असते आणि ठाण्यात खरी उत्तर तिच्यापेक्षा सुमारे दोन तृतीयांश अंशाने पूर्वेला असते. सावलीच्या दृष्टीने हा फरक नगण्य आहे, पण १०० मीटरांत तो एक मीटरहून थोडा जास्त भरतो. त्यामुळे तो ‘दुरुस्त’ करायला कोणी गेले, तर भूखंडाची हद्द शेजाऱ्याच्या जागेत सरकते.

उत्तर – वाशी

एक गोष्ट राहिली. आपल्या भूखंडाच्या पश्चिमेला येऊरचे डोंगर आहेत आणि टोपोग्राफी, म्हणजे जमिनीचे चढउतार, काढल्याशिवाय सॉफ्टवेअरला ते ठाऊक नसतात. सकाळच्या उन्हाला त्यांची आडकाठी नाही, पण सभासदांनी संध्याकाळचे ऊन विचारले तर निव्वळ मॉडेलवरून उत्तर देऊ नये.

प्रश्नकर्ती – घोडबंदर रस्ता, ठाणे

सर्वांचे मनापासून आभार. ‘लोकेशन’मध्ये खरोखरच बोस्टन होते. ते बदलून सर्व्हेवरून कोऑर्डिनेट्स घेतल्यावर २२ डिसेंबरची सावली २७.६ मीटर आली. कार्यालयाच्या टेम्प्लेटमध्येही आजच ठाण्याचे स्थान भरून ठेवले आहे. येऊरच्या डोंगरांसाठी समोच्चरेषांचा नकाशा मिळवते आणि तो मॉडेलमध्ये आल्यानंतरच संध्याकाळचे चित्र सभासदांपुढे ठेवीन.