मदत हवी आहे: ऊसतोड महिलांच्या मुलाखती आणि एथिक्स कमिटीची मंजुरी

धागाकर्ती:
समाजकार्यात पीएचडी सुरू आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर आणि हातकणंगले तालुक्यांत येणाऱ्या ऊसतोड टोळ्यांमधल्या १२० महिलांची प्रश्नावली, त्यांतल्या २० जणींच्या सविस्तर मुलाखती (पाळी, बाळंतपण, गर्भाशयाची शस्त्रक्रिया) आणि बोटाला टोचून हिमोग्लोबिन, असा आराखडा आहे. कारखान्याच्या शेती विभागाचं पत्र हातात आहे, मुकादमही (टोळ्या आणणारे ठेकेदार) तयार आहेत. एवढ्यासाठी कमिटीकडे जावं लागतं का? बहुतेक जणी अंगठा देणाऱ्या, मग संमतिपत्र कसं करायचं? प्रश्नावली तपासायला ९ जणींशी आधीच बोलणं झालं आहे, ती माहिती चालेल का? टोळ्या नोव्हेंबरात उतरतील.

प्रतिसाद १:
जावंच लागतं, तेही पूर्ण बैठकीपुढे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तीन वाटा आहेत: सूट, जलद तपासणी आणि पूर्ण समितीची तपासणी. सूट द्यायची की नाही हेसुद्धा समितीच ठरवते, गाइड नाही. स्थलांतरित मजूर असुरक्षित गटात येतात, त्यामुळे धोका किमान असला तरी पूर्ण समिती लागते.

हिमोग्लोबिनमुळे आणखी एक गोष्ट बदलते. रक्ताचा थेंब घेतला की अभ्यास किमान धोक्याच्या एक पायरी वर जातो आणि जैववैद्यकीय ठरतो. असा अभ्यास तपासणारी समिती २०१९ च्या नियमांनुसार केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली असावी लागते. तुमच्या समितीचा नोंदणी क्रमांक आधी विचारा. नसेल तर रक्त वगळा, किंवा लेखी करार करून दुसऱ्या संस्थेच्या नोंदणीकृत समितीकडे अर्ज न्या.

त्या ९ जणींची माहिती प्रबंधात घेऊ नका. मागाहून मंजुरी मिळत नाही. लपवूही नका, अर्जासोबत एका पानावर काय झालं ते लिहा आणि नोंदींचं काय करायचं ते समितीला विचारा.

आता मुख्य गोष्ट. कारखान्याचं पत्र म्हणजे फडात पाऊल ठेवायची परवानगी. बाईची संमती वेगळी, आणि ती मुकादमाच्या तोंडून येऊच शकत नाही. तिच्या कोयत्याने (नवरा-बायकोच्या जोडीने) त्याच्याकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते. तो "बाई बोलतील तुमच्याशी" म्हणाला की तिला नाही म्हणायला जागा उरत नाही. म्हणून टोळीत गेल्यावर यादी त्याच्याकडून घ्यायची नाही. कोप्या (टोळीच्या झोपड्या) मोजून तुम्हीच निवड करा, म्हणजे कोण बोललं आणि कोण नाही हे त्याला कळणार नाही. ही पद्धत अर्जात सविस्तर लिहा. समितीचा पहिला प्रश्न हाच असेल.

माहितीपत्रकात "आपण स्वेच्छेने सहभागी होत आहात" हे वाक्य बिनकामाचं आहे. असं लिहा: "तुम्ही नाही म्हणालात तर मुकादमाला, कारखान्याला किंवा घरच्यांना आम्ही सांगणार नाही. मधेच उठून गेलात तरी चालेल." मोठ्याने वाचून दाखवा, मग तिच्याच शब्दांत सांगायला लावा. अंगठ्याशेजारी लिहिता-वाचता येणाऱ्या, अभ्यासाशी संबंध नसलेल्या साक्षीदाराची सही हवी. आवाज रेकॉर्ड करायला वेगळी संमती घ्या, वेगळ्या ओळीत.

धागाकर्ती:
साक्षीदार म्हणून मुकादम बसतो म्हणतोय. कोपीत नवरा, सासू, पोरं असतात. आणि वेळेचे पैसे द्यावेत का?

प्रतिसाद १:
मुकादम नको, त्याचा मुलगाही नको. दुसऱ्या गावची आशा सेविका किंवा शिक्षिका बघा. मुलाखत कोपीत घेऊ नका. जवळच्या शाळेची खोली किंवा अंगणवाडी पंधरा दिवस आधी ठरवा. पहाटे उठून तोडायला गेलेली बाई संध्याकाळी चुलीपुढे असते, तेव्हा तिला तासभर बसवणं हाच तिच्यावरचा भार आहे. एका तासाची मजुरी काढून तो आकडा अर्जात लिहा आणि पैसे तिच्याच हातात द्या. मुकादमामार्फत दिले तर उचलीत वळते होतात. रक्कम मोठी ठेवली तर आमिष ठरते.

प्रतिसाद २:
दोन गोष्टी राहिल्या.

हिमोग्लोबिनचा आकडा तिला त्याच वेळी सांगा. गरोदर नसेल तर ८ ग्रॅमच्या खाली, गरोदर असेल तर ७ च्या खाली म्हणजे तीव्र रक्तक्षय. नुसती चिठ्ठी देऊन भागत नाही. टोळी दुसऱ्या दिवशी हलू शकते. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांशी आधी बोलून प्राथमिक आरोग्य केंद्र ठरवा आणि कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात न्यायची वेळ आली तर गाडीभाडं कोण देणार ते अंदाजपत्रकात घ्या.

दुसरी जास्त नाजूक. टोळीत अठराच्या आतल्या लग्न झालेल्या मुली भेटतील. पोक्सोच्या (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा) कलम १९ नुसार अल्पवयीन मुलीवरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळालेल्या कुणालाही ती पोलिसांना कळवावी लागते, संशोधकालाही. "तुमचं बोलणं कुणालाच कळणार नाही" असं सरसकट वचन देऊन मग तक्रार केलीत तर त्या पोरीचा विश्वासघात होतो. १८ वर्षं पूर्ण झालेल्याच घ्या, वय आधी विचारा, आणि गुप्ततेची ही मर्यादा माहितीपत्रकात स्पष्ट लिहा. मुलाखतीत वीस वर्षांची बाई लहानपणच्या लग्नाबद्दल बोलू लागली तर काय करायचं, हे समितीतल्या कायद्याच्या सदस्याकडून आधीच लेखी घ्या.

अर्ज जुलैतच द्या. बैठक दर महिन्याला होईलच असं नाही, आणि पहिल्या फेरीत दुरुस्त्या येतातच.