विहिरीला नदीचे पाणी येते की विहिरीकडचे पाणी नदीला जाते, हे मोजून कसे ठरवावे?

प्रश्न – उल्हासकाठ

सर्वांना नमस्कार.

आमचे गाव अंबरनाथ तालुक्यात, वांगणी आणि बदलापूर यांच्या दरम्यान उल्हास नदीच्या काठी आहे. गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर नदीच्या कडेपासून टेप धरून मोजली तर ६० मीटरवर येते. वर माती, त्याखाली मुरूम आणि सुमारे पाच मीटरनंतर काळा पाषाण लागतो. मे महिन्यात आसपासच्या बोअरवेल आटतात, पण या विहिरीचे पाणी एका पायरीच्या खाली कधी उतरत नाही. गावातील बहुतेक जुनी माणसे म्हणतात की विहिरीला नदीचा पाझर आहे. मात्र विहीर खणली तेव्हा हजर असलेले एक काका ठामपणे सांगतात की झरे डोंगराच्या बाजूने फुटले होते.

हा प्रश्न आता केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही. नदीच्या वरच्या अंगाला वस्ती वाढत आहे, सांडपाणी पात्रात उतरते आणि आमच्याकडे विहिरीचे पाणी आजही न उकळता प्यायले जाते. उन्हाळ्यात नदीची पातळी एका दिवसात वीतभर वर-खाली होते आणि काही तासांनी विहिरीतही दोन-तीन बोटांचा फरक पडतो, असे मला आढळले आहे. नदीचे पाणी विहिरीत येते याचा हा पुरावा मानावा का? महागडी उपकरणे नसताना आम्ही आणखी काय मोजू शकतो?

उत्तर १ – पाषाणझरा, ठाणे

नमस्कार. आपले निरीक्षण मोलाचे आहे, परंतु त्यातून जे सिद्ध होते असे वाटते ते सिद्ध होत नाही. नदीची पातळी वाढली की खडकाच्या फटींमध्ये आधीच भरलेल्या पाण्यावर दाब येतो आणि तो दाब काही तासांत विहिरीपर्यंत पोहोचतो; प्रत्यक्ष नदीचे पाणी तेवढेच अंतर कापायला कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडेही घेते. म्हणून विहीर नदीबरोबर हलते याचा अर्थ दोहोंमध्ये जोड आहे एवढाच होतो. पाणी कोणत्या दिशेने जाते आणि किती जाते, हे दोन प्रश्न त्यानंतरही शिल्लक राहतात. जोड आहे हे कळणेही कमी नाही, कारण आपल्या किनारपट्टीच्या बेसाल्टमध्ये, म्हणजे काळ्या पाषाणात, उभ्या भित्तीखडकांच्या, म्हणजे डाइकच्या, भिंती ठिकठिकाणी आहेत आणि अशी एखादी घट्ट भिंत मध्ये असती तर ६० मीटरवरच्या विहिरीलाही नदीची चाहूल लागली नसती.

दिशा ठरवण्यासाठी विहिरीतील पाणी आणि नदीतील पाणी यांची उंची एकाच खुणेपासून मोजावी लागते. त्यासाठी गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी पुरते. पंधरा-पंधरा मीटरचे चार टप्पे करा, नळीत बुडबुडा राहू देऊ नका आणि शेवटी पुन्हा पहिल्या खुणेवर येऊन पाहा. एक सेंटिमीटरपेक्षा जास्त चूक आली तर सगळे पुन्हा मोजा. विहिरीवरची मोटर रात्रभर बंद ठेवून पहाटेच मोजणे आवश्यक आहे, कारण उपसा चालू असताना विहीर स्वतःच नदीला आपल्याकडे ओढते आणि नैसर्गिक दिशा झाकली जाते.

आपल्या नदीचे एक वैशिष्ट्यही ध्यानात घ्यावे. सह्याद्रीतून उतरणाऱ्या बहुतेक नद्यांना पावसाळ्यानंतर भूजलच वाहते ठेवते आणि ते खाली गेले की पात्र कोरडे पडते. उल्हासला मात्र भिवपुरीच्या जलविद्युत केंद्रातून आंध्रा तलावाचे पाणी येऊन मिळते, म्हणून ती भर उन्हाळ्यातही वाहते आणि वीजनिर्मितीच्या वेळांनुसार तिची पातळी बदलते. त्यामुळे पावसाळ्यात डोंगराकडून नदीकडे वाहणारे भूजल उन्हाळ्यात खाली उतरल्यावर हीच नदी काठाला पाणी देऊ लागण्याची शक्यता पुष्कळ आहे. एका दिवसाच्या मोजणीवरून वर्षाचे उत्तर देऊ नये.

प्रमाणासाठी पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे त्यातून वीज किती सहज वाहते ते, मोजा; क्षार जितके जास्त तितकी ती जास्त. त्याचा पेनासारखा मीटर बाजारात सहज मिळतो. तलावात साठलेल्या पावसाच्या पाण्यात क्षार कमी असतात, तर खडकात मुरलेल्या पाण्यात जास्त. नदी, आपली विहीर आणि डोंगराच्या बाजूची एखादी विहीर अशा तिन्ही ठिकाणी एकाच सकाळी मोजले, तर मिश्रणाचा अंदाज त्रैराशिकाने काढता येतो. फक्त सांडपाणी जिथे मिळते त्याच्या लगत खाली नदीचा नमुना घेऊ नका, कारण सांडपाण्यातही क्षार असतात.

उत्तर २ – गाढीतीर, पनवेल

वरील उत्तराशी मी सहमत आहे. नदीच्या तळाची मोजणी मात्र त्यात राहिली आहे, म्हणून लिहितो.

पात्रातून नेमके किती पाणी वर येते किंवा खाली मुरते, हे थेट मोजणारे साधन अगदी साधे आहे. डेव्हिड ली यांनी १९७७ मध्ये त्याची मांडणी केली. दोनशे लिटरच्या लोखंडी पिंपाचा एका बाजूने बंद असलेला तुकडा कापून तो वाळूत उपडा दाबतात आणि वर ठेवलेल्या भोकाला प्लॅस्टिकची पातळ पिशवी बांधतात. पिशवीतील पाणी वाढले तर भूजल वर येते आहे, घटले तर नदी मुरते आहे. अशा पिंपाचे तोंड साधारण पाव चौरस मीटर भरते. दोन तासांत ३०० मिलिलिटर वाढ झाली तर तो वेग दिवसाला सुमारे १.४ सेंटिमीटर येतो.

हिवाळ्यात गाढी नदीच्या पात्रात मी पहिल्यांदा हे करून पाहिले तेव्हा पिशवी पूर्ण रिकामी बांधली होती. चपटी पिशवी आपली घडी सोडवण्यासाठी स्वतःच पाणी ओढून घेते, त्यामुळे जिथे काहीच हालचाल नव्हती तिथेही मला वाढ दिसली आणि दिवसभराची सगळी मोजणी टाकून द्यावी लागली. तेव्हापासून मी पिशवीत अर्धा लिटर पाणी मोजून भरतो, भोक पात्राच्या चढावर येईल असे पिंप किंचित तिरपे बसवतो, म्हणजे वाळूतून निघणारा वायू आत अडकत नाही, आणि प्रवाहाने पिशवी खेचली जाऊ नये म्हणून तिच्यावर पाटी उपडी घालतो. एकमेकांपासून दोन मीटरवर ठेवलेली पिंपे कधीकधी दहा पटींनी वेगळे आकडे देतात. बेसाल्टमध्ये पाणी फटींतूनच चालते, त्यामुळे हा फरक दोष मानून सरासरीत बुडवू नये. कोणत्या ठिकाणी किती आले ते स्वतंत्र लिहून ठेवावे.

नदीचा प्रवाह वर आणि खाली मोजून वजाबाकी करण्याची पद्धत लहान ओढ्यावर चांगली चालते. उल्हासवर तिच्या नादी लागू नका. प्रत्येक मोजणीत पाच टक्के चूक सहज होते आणि सेकंदाला हजारो लिटर वाहणाऱ्या नदीत त्या चुकीपुढे पाझर दिसतही नाही, त्यात प्रवाह दर तासाला बदलणारा.

उल्हासकाठ

दोघांचेही मनापासून आभार. काल पहाटे पाच वाजता, मोटर आठ तास बंद असताना, समान खुणेपासून नदीचे पाणी २.१० मीटर खाली आणि विहिरीचे २.३८ मीटर खाली आले. मोटर दोन तास चालवल्यावर विहीर ३.०५ मीटरवर गेली. विद्युतवाहकता नदीत १५०, आमच्या विहिरीत ४२० आणि डोंगराकडच्या विहिरीत ६१० मायक्रोसीमेन्स आली.

पाषाणझरा, ठाणे

म्हणजे सध्या, मोटर बंद असतानाही, उतार नदीकडून विहिरीकडे २८ सेंटिमीटरचा आहे. मिश्रणाचा हिशेब (६१० उणे ४२०) भागिले (६१० उणे १५०) असा करावा. त्यात नदीचा वाटा सुमारे ४० टक्के येतो. डोंगराकडची ती एक विहीर त्या बाजूच्या सगळ्या भूजलाची प्रतिनिधी आहे असे यात गृहीत धरले आहे, म्हणून शक्य असल्यास आणखी दोन विहिरी मोजा. काकांनी पाहिलेले झरे उरलेल्या वाट्यात बसतात.

जंतूंची तपासणी प्रयोगशाळेतून होईपर्यंत पाणी उकळून किंवा क्लोरीन घालूनच प्या. वाळूच्या जाड थरातून पाणी बऱ्यापैकी गाळून निघते, फटी असलेल्या खडकातून तसे निघत नाही, आणि आपल्या साठ मीटरांत यांपैकी काय किती आहे हे या आकड्यांवरून कळत नाही.

हीच पहाटेची मोजणी आठवड्यातून एकदा, पाऊस सुरू होऊन महिना लोटेपर्यंत चालू ठेवा. विहिरीचे पाणी ज्या दिवशी नदीपेक्षा वर दिसेल ती तारीख आणि त्या दिवसाची वाहकता इथे कळवा.