बी.कॉम.नंतर बालविकास शिकायचाय. नाशिकहून कसं जमेल?

सिडकोची_टीचर:
नमस्कार. मी नाशिकला सिडकोत राहते, वय ३१, शिक्षण बी.कॉम. सात वर्षं एका प्ले-ग्रुपमध्ये शिकवतेय. नवरा अंबडला कंपनीत, मुलगा पाच वर्षांचा. यंदापासून आमच्याकडे दीड वर्षाच्या आतली मुलंही घेतात आणि तिथे माझी फजिती होते. गाणी, रंग, चिकटकाम मला येतं. पण सोळा महिन्यांची एक मुलगी अजून धरून धरूनच चालते. तिची आजी रोज दारात विचारते, "टीचर, हे नॉर्मल आहे ना?" मी "हो हो, चालेल की" म्हणून टाकते. कशाच्या जोरावर म्हणते, देव जाणे.

तर हे सगळं रीतसर, विद्यापीठात शिकायचंय. सासूबाई म्हणतात, "दोन पोरं वाढवली मी, कुठे होती डिग्री?" नवरा म्हणतो शीक, पण पुढे नोकरीचं काय ते आधी विचार. कुठे शिकवतात? नेमकं काय शिकवतात? बी.कॉम.वाल्यांना घेतात का?

निफाडची_लेक:
ताई, आधी आजीबाईंचं बघू. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांची पाहणी करून २००६ साली जे आकडे दिले, त्यात आधाराशिवाय चालायला लागण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने असा आहे. म्हणजे तुमची मुलगी अजून त्यात बसते. अठरा महिने भरूनही चालली नाही तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायला सांगा. आणि एक विचारून घ्या, दिवस भरायच्या आधी जन्मली होती का? तसं असेल तर वय जन्मतारखेपासून नाही, डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून मोजायचं. त्याच पाहणीत शंभरातली चारेक मुलं रांगलीच नव्हती. आमच्याकडे मूल न रांगता उभं राहिलं की घर डोक्यावर घेतात, म्हणून सांगितलं.

आता शिक्षण. मी एम.एस्सी. बडोद्याला, महाराजा सयाजीराव विद्यापीठात केलं. विषयाचं नाव 'मानव विकास' असतं, 'बालविकास' म्हणून शोधलंत तर अर्धे कोर्स सापडणारच नाहीत. मुंबईत एसएनडीटीच्या जुहू कॅम्पसला हा विभाग आहे. बहुतेक ठिकाणी गृहविज्ञान किंवा मानसशास्त्राच्या पदवीला झुकतं माप, त्यामुळे बी.कॉम. चालतं का ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच बघा, माझ्या शब्दावर जाऊ नका.

पहिलं वर्ष पियाजे, बोल्बी, एरिकसन या बालविकासावर सिद्धांत मांडणाऱ्यांत जातं. खरी गंमत निरीक्षणाची. आपल्याकडच्या बाळांसाठी 'डासी' नावाची चाचणी आहे, बडोद्याच्या डॉ. प्रमिला फाटकांनी बसवलेली. अडीच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी; हालचालींच्या ६७ आणि बुद्धीच्या १६३ बाबी. त्या चाचणीच्या साहित्याची पेटी घेऊन मी डिसेंबरात दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागेत गेले होते. विरळणी, म्हणजे घडातले जादा मणी कापणं, चालू होतं. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या मजूर बायकांपैकी एकीचं दहा महिन्यांचं बाळ प्लास्टिकच्या क्रेटमध्ये, खाली गोधडी घालून बसवलेलं. मी त्याच्यासमोर लाल ठोकळे मांडले. ढिम्म. माझ्याकडेच टकामका बघत बसलं. मी खटाखट लिहिलं: ठोकळा घेत नाही, चिमटीत उचलणं जमत नाही.

पेटी आवरत होते तेवढ्यात वरून आईच्या कात्रीने ज्वारीएवढे हिरवे मणी टपटप गोधडीवर पडले. पठ्ठ्याने अंगठा आणि पहिलं बोट जोडून एक अलगद उचलला आणि थेट तोंडात. मी बोट घालून काढला, नाहीतर घशात अडकला असता. आणि माझ्या कागदावर काय, तर "जमत नाही"!

मॅडमनी तो कागद परत केला. म्हणाल्या, "जमत नाही हे तुला कुठे दिसलं? अनोळखी बाई आली, अनोळखी वस्तू ठेवली, त्याने घेतली नाही, एवढंच दिसलं ना? मग तेवढंच लिही." ताई, दोन वर्षांत मी शिकले ते मुख्यतः हेच, बाकी पुस्तकात आहे. सासूबाईंनी दोन वाढवली हे खरंच, पण ती दोन्ही त्यांच्या ओळखीची होती.

पेठची_मुख्यसेविका:
त्या क्रेटमधली पोरं आमचीच बरं. दिवाळी झाली की पाडे रिकामे होतात, हजेरीपटावर नावं आणि अंगणवाडीत चार डोकी. ज्या वयात सगळ्यात जास्त बघायला हवं, नेमकं तेव्हाच मूल बागेत. सरकारी अंगणवाड्या २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाल्या, पण त्याआधी ताराबाई मोडकांनी बोर्डीला तेच तर केलं होतं, मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची. आता बागेत न्यायला हवी. असो, हे माझं रोजचं रडगाणं.

नोकरीचं म्हणाल तर मी कुठलीशी पदवी आणि परीक्षा यांवर लागले, बालविकास नोकरीत शिकले. वजनकाटा आणि मोबाइलवरच्या नोंदी यातच दिवस जातो. तुम्ही शिकून आमच्याकडे आलात तर आवडेल, पण पगारावर डोळा ठेवून येऊ नका.

गंगापूररोड:
एक इशारा. ही पदवी घेऊन 'थेरपिस्ट' अशी पाटी लावता येत नाही. स्पेशल एज्युकेटर किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता असलेला वेगळा कोर्स आणि त्यांची नोंदणी लागते. मी हे फी भरल्यावर शिकलो. नोकरी सोडायची नसेल तर इग्नू या मुक्त विद्यापीठाची बालसंगोपन-शिक्षणाची एक वर्षाची पदविका बघा, बारावीवर होते.

सिडकोची_टीचर:
सगळ्यांचे आभार. आजीबाईंना विचारलं, मुलगी पाच आठवडे आधी झाली होती! म्हणजे खरं वय पंधराच्या आत. आजी म्हणाल्या, "हे कुणी विचारलंच नाही आजवर." आमच्या फॉर्ममध्ये तो रकानाच नाहीये, उद्या घालून घेते.

पदविकेचा फॉर्म भरतेय. जुहूचा मोह सुटत नाही पण. पंचवटी एक्स्प्रेसचा पास काढून रोज जायचं म्हटलं तर?

निफाडची_लेक:
दादरला उतरून लोकल, मग पार्ल्याहून रिक्षा, आणि संध्याकाळी पुन्हा तेच. घरी पोचाल तोवर तुमचं स्वतःचं पोर झोपलेलं असेल. पदविका करा आधी. आणि एक जाड वही आणा.