गोल्फ खेळून कोपर दुखतंय. कॉम्प्रेशन स्लीव्ह घ्यावी का? कोणती?

फेअरवे_फिरस्ता :
नमस्कार मंडळी. वय ५४. उशिरा लागलेलं वेड आहे. रविवारी खारघरला खेळतो, आठवड्यात जमेल तेव्हा ऑफिसातून थेट ड्रायव्हिंग रेंजवर (फटक्यांच्या सरावाच्या मैदानावर) जाऊन बादलीभर बॉल मारतो. उजव्या हाताचा खेळाडू. सोमवारी दोन्ही दंड भरून आलेले असतात आणि डाव्या कोपराला बाहेरच्या बाजूने ठणका लागतो. कोर्सवर काही जणांच्या हातात त्या घट्ट बाह्या दिसल्या. खरंच फरक पडतो का? पूर्ण हाताची घ्यावी की नुसती कोपराची? बजेट हजाराच्या आत, त्यात जोडी आली तर उत्तम. घामाने चिकटणारी नको. "गोल्फ सोडा" हा सल्ला कृपया देऊ नये, तो घरी रोज मिळतो.

बोगीसम्राट :
हजारात काय येतंय हो? माझ्या जावयाने अमेरिकेहून तांब्याच्या धाग्याची आणलीये, सत्तर डॉलर. घातल्या घातल्या दुखणं गायब. ड्राइव्हही लांब जायला लागलाय. तांब्याचं पाणी आपले पूर्वज उगाच पीत नव्हते.

शंकासुर :
@बोगीसम्राट, तांब्याने दुखणं जातं असा दावा केल्याबद्दल 'टॉमी कॉपर' या कंपनीवर तिकडच्या एफटीसीने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) २०१५ मध्ये कारवाई केली होती. पुरावा नव्हता. साडेतेरा लाख डॉलर भरून प्रकरण मिटवावं लागलं कंपनीला. घट्ट कापडाचा जो काय उपयोग व्हायचा तो होतो, तांबं फक्त किंमत वाढवतं.

बोगीसम्राट :
तुम्ही घातलीये का कधी? नाही ना? मग झालं.

कोथरूडची_काकू :
या बाह्या तर आम्ही स्कूटरवर कधीपासून घालतो. सिग्नलला शंभरात जोडी मिळते. हात काळे पडत नाहीत. गोल्फचं मला माहीत नाही, पण हजार रुपये कशाला?

शंकासुर :
काकू, त्या उन्हाच्या बाह्या. त्यांना दाब नसतो, नुसतं ताणलं जाणारं कापड. धागाकर्त्याला दाबाची हवीये.

कोथरूडची_काकू :
माझ्या मनगटाला चांगला वळ उठतो, दाब नाही कसा?

तिसरा_पट :
सगळ्यात आधी माप घ्या. दुकानदाराने मला "फ्री साइज आहे साहेब, सगळ्यांना होते" म्हणून कोपराची एक गळ्यात मारली. नऊ होल होईपर्यंत बोटं सुजली, अंगठी निघेना. शेवटी क्लबहाउसच्या बेसिनपाशी साबण लावून काढली, कॅडी (काठ्यांची बॅग उचलणारा) बाजूला उभा राहून हसतोय. टेपने दंडाचा आणि कोपराखालच्या हाताचा घेर मोजायचा आणि पाकिटावरच्या तक्त्याशी ताडून बघायचा. दोन साइजच्या मधे असाल तर मोठी घ्या. वरच्या कडेला सिलिकॉनची पट्टी असलेली घेऊ नका, आपल्या घामात पुरळ येतं.

कव्हरड्राइव्ह :
कोपर दुखतंय म्हटलं की सचिनचा टेनिस एल्बोच आठवतो. २००४ मध्ये झाला आणि २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया करावी लागली. तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राला कोपर म्हणजे काय ते कळलं. त्याची बॅट किती जड होती! तुम्हीही काठ्या हलक्या घ्या.

डंकमास्टर :
बाह्यांची फॅशन आणली ती बास्केटबॉलवाल्या ॲलन आयव्हरसनने. २०००-०१ च्या सीझनला त्याच्या उजव्या कोपराला बर्सायटिस (सांध्याजवळच्या पिशवीची सूज) झाला होता म्हणून घातली. कोपर बरं झालं तरी बाही राहिली, मग पोरंसोरं घालायला लागली. तुमच्या कोर्सवरचे निम्मे लोक दिसण्यासाठीच घालत असणार.

बोगीसम्राट :
मी दिसण्यासाठी घालत नाही.

मीरा_फिजिओ :
फिरस्ता काका, तुमची दोन दुखणी वेगळी आहेत, ती आधी सुटी करा.

दंड भरून येणं हे स्नायूंचं. एक ते तीन दिवस त्याचा जोर असतो, मग आपोआप उतरतं. त्यात घट्ट स्लीव्हने थोडं हलकं वाटतं. अभ्यासांतही फरक दिसतो तो लहानसाच. वाटत असेल तर खुशाल घाला, फक्त रात्री घालून झोपू नका.

कोपराच्या बाहेरच्या हाडापाशी ठणकतं ते बहुधा टेंडनचं (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीचं), म्हणजे टेनिस एल्बो. हो, गोल्फ खेळूनही तोच होतो. उजव्या खेळाडूच्या डाव्या कोपराला बाहेरून हा, आणि गोल्फर्स एल्बो आतल्या बाजूने, बऱ्याचदा उजव्या हाताला. ओला फडका पिळताना किंवा हात सरळ ठेवून भरलेला तांब्या उचलताना तिथेच कळ येते का बघा. येत असेल तर स्लीव्ह ऊब देईल, त्यापलीकडे फार नाही. त्यापेक्षा कोपराचा पट्टा घ्या. टायनॉर कंपनीचा वगैरे तुमच्या बजेटच्या निम्म्यात येईल. तो कोपराच्या खाली दोन बोटं सोडून मांसल भागावर बांधायचा. हाडावर बांधून "उपयोग नाही" म्हणणारे पुष्कळ येतात माझ्याकडे.

आणि व्यायाम. हात टेबलावर, तळवा खाली, मनगट कडेबाहेर, मुठीत अर्धा लिटर पाण्याची बाटली. दुसऱ्या हाताने मनगट वर उचलून द्या, मग दुखऱ्या हाताने सावकाश खाली सोडा. सोडणं महत्त्वाचं, उचलणं नाही. रोज, दोन-तीन महिने. बोटांना मुंग्या येत असतील किंवा मानेतून कळ येत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

तिसरा_पट :
मीराताईंना +१. माप मात्र घ्याच.

मातीत_खेळणारा :
कोणीच रेंजबद्दल विचारलं नाही. तिथे कृत्रिम गवताच्या मॅटवरून मारता ना? खाली काँक्रीट असतं. गवतावर आयर्न (धातूच्या चपट्या डोक्याची काठी) बॉलच्या जरा मागे बसली की माती उडते, ढेकूळ निघतं आणि फटका तिथेच विरतो. मॅटवर तोच शॉट बरा लागल्यासारखा वाटतो आणि हादरा सगळा कोपरात. त्यात दिवसभर माउस चालवून आखडलेला हात, वॉर्मअप नाही, आणि बादली संपवायचीच म्हणून मारत सुटायचं. महिनाभर मॅट बंद करा, फार तर टी (बॉल उंच ठेवायची खुंटी) लावून मारा.

दुसरं, ग्रिप. काठी धरल्यावर डाव्या हाताची मधली दोन बोटं तळहातात रुतत असतील तर ग्रिप बारीक आहे, आणि मग माणूस नकळत आवळून धरतो. मिडसाइज बसवून घ्या. अमेरिकेचा गोल्फर ब्रायसन डिशाम्बो तर त्याहून जाड वापरतो. आयर्न स्टीलच्या असतील तर पुढेमागे ग्राफाइट शाफ्टचा (दांड्याचा) विचार करा.

कव्हरड्राइव्ह :
म्हणजे मी म्हटलं तेच, हलक्या काठ्या.

मातीत_खेळणारा :
नाही हो, ते नाही म्हटलं.

हँडिकॅप_२४ :
रच्याकने (बाय द वे), स्पर्धेत स्लीव्ह चालत नाही ना? आमच्याकडे मासिक मेडलला (क्लबच्या दरमहा स्पर्धेला) एकाने आक्षेप घेतला होता.

शंकासुर :
चालते. गोल्फचा नियम ४.३ बघा. दुखापतीसाठी टेप किंवा आधार चालतो, फक्त सांधा जखडून ठेवून स्विंगला मदत होईल असं काही नको. आक्षेप घेणारा बहुतेक हरत असणार.

फेअरवे_फिरस्ता :
सगळ्यांचे आभार. फडका पिळून पाहिला, कळ आली. (फडका पिळताना बघून घरी वेगळाच आनंद झाला.) माप घेतलं आणि पूर्ण हाताची पांढरी जोडी मागवली, चौदाशेला. बजेट माझंच होतं, मीच मोडलं. पट्टा बांधून खेळलं की लोक काय झालं म्हणून विचारत बसतात, ते नको वाटतं. मॅट बंद करणं कठीण आहे, रेंजचे तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरलेत. बाटलीचा व्यायाम सुरू करतो.

मीरा_फिजिओ :
काका, पट्टा स्लीव्हच्या आतून बांधा, दिसणार नाही. आणि भरलेले पैसे पटिंग ग्रीनवर (बॉल हळूच ढकलून होलमध्ये घालायच्या सरावाच्या हिरवळीवर) वसूल करा, पटिंगने कोपर दुखत नाही.

बोगीसम्राट :
चौदाशे घातलेच, तर अजून थोडे घालून तांब्याची का नाही घेतली?

कोथरूडची_काकू :
पांढरी घेतलीत? दोन धुण्यांत पिवळी पडेल. आणि मशीनला लावू नका, इलास्टिक सैल होतं. काळी घ्यायची होती.